ओगराळ्याच्या मागून पाहिलेला पंक्तिप्रपंच

माझी नात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि नवा शब्द आला की मोबाइलमध्ये त्याचा अर्थ शोधायचा, अशी तिची पद्धत आहे. मधे एकदा ती एका बातमीवर अडखळली. रस्त्यांच्या निधीवरून कोणी एक पुढारी चिडून बोलला होता की आमच्या भागाच्या बाबतीत पंक्तिप्रपंच झाला.

"आबा, पंक्तिप्रपंच म्हणजे काय?" तिनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिनंच मोबाइलवरून वाचून दाखवलं, "एकाच पंगतीत बसलेल्या लोकांना वाढताना केलेला भेदभाव. पक्षपात."

मला हसू आलं.

"काऊन हसता?"

"बाई, तो शब्द होऊ न देण्यात माझी सारी उमर गेली," मी म्हटलं, "आन् तू मले त्याचा अर्थ सांगून राह्यली."

ही गोष्ट तिनं कुठंतरी सांगितली, ती फिरत फिरत या अंकाच्या संपादकांपर्यंत गेली, आणि त्यांनी मला लिहायला बसवलं. लिहिण्याची सवय नाही. पण शब्द आमच्या धंद्यातला आहे. पुढाऱ्यांनी तो रस्त्यांसाठी नेला, पेपरवाल्यांनी संघनिवडीसाठी नेला, पाण्याच्या पाळीसाठी नेला. नेऊ देत. तो निघाला मात्र आमच्या भट्टीजवळून, म्हणून त्याच्यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजतो.

मी आचारी. आता गुडघे कुरकुरतात म्हणून भट्टीपुढं उभा राहत नाही. पण बीबी-लोणारच्या आसपास गेल्या पिढीत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या पुष्कळांच्या लग्नाचं वरण माझ्या हातचं आहे, हे मी छाती पुढं काढून सांगतो. आमचं घर बौद्ध वस्तीतलं. सुरुवातीला काही घरं मला बोलवत नसत आणि का बोलवत नाहीत हे तोंडावर सांगतही नसत. मग माझ्या वरणाचं नाव झालं. ओगराळं, म्हणजे वाढायचा मोठा डाव, मधोमध उभं केलं तर पडायचं नाही, असं घट्ट वरण. त्या वरणापुढं बऱ्याच जणांचा नाइलाज झाला.

लोकांना वाटतं आचाऱ्याचं काम रांधण्याचं. ते निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे वाढणं, आणि भांडणं सगळी तिथं होतात. मीठ कमी पडलं म्हणून पंगत उठलेली मी कधी पाहिली नाही. शेजारच्या पानावर वांग्याच्या दोन फोडी आणि माझ्या पानावर नुसता रस्सा, एवढ्यावरून उठलेली पाहिली आहे. पंगत उठणं काय असतं ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. जेवायला बसलेली माणसं पान तसंच टाकून, न जेवता निघून जातात. त्यानंतर त्या घरमालकाला गावात मान वर करायची सोय राहत नाही.

मी धंदा शिकलो नथ्थूजी वस्तादांकडून. ते संग्रामपूरकडचे. सातपुड्याच्या पायथ्यापासून आमच्या लोणारपर्यंत त्यांना बोलावणी असायची. मी काम मागायला गेलो तेव्हा लग्न होऊन घरदार असलेला माणूस होतो. त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. "कांदे चिरताना फार बोलत तं नाई ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, पण त्यांनी ठेवून घेतलं.

वाढायला उभं केलं त्या पहिल्या दिवशी वस्तादांनी मागून माझी मान धरली आणि खाली वाकवली. "तोंड नको पाहू बे. पान पाह्य." बस. सारी विद्या यात आली. वाढणाऱ्यानं समोरच्याचं तोंड पाहिलं की हात आपोआप कमीजास्त होतो. माणूस वाईट असावा लागत नाही. मामा दिसला की वाटी भरून येते, उधारी मागणारा दिसला की अर्धी येते, आणि अनोळखी गरीब माणूस दिसला की बकेट घेऊन पाय भराभर पुढं जातात. वाढणाऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी सगळ्यांना सारखं वाढलं. त्याला ते खरंही वाटत असतं.

म्हणून वस्तादांचे काही नेम होते. ज्या ओळीत आपले भाऊबंद बसलेत त्या ओळीत वाढायचं नाही, ओळ बदलून घ्यायची. वांग्याच्या भाजीची तर्री वर तरंगते, फोडी खाली बसतात. न ढवळता वाढत गेलं तर पहिल्या माणसाला तर्री, मधल्याला फोडी आणि शेवटच्याला पाणी. तेव्हा दर दोन पानांमागं बकेट तळापासून ढवळायची. आणि सगळ्यात कडक नेम पाण्याचा. माणसं अंदाजापेक्षा जास्त आली तर वरणात पाणी घालावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण जगाची रीत अशी की पहिली पंगत घट्ट वरणावर जेवून उठते, मग पाणी पडतं, आणि शेवटच्या पंगतीतल्या गड्यामाणसांना पिवळं पाणी मिळतं. वस्ताद म्हणायचे, पाणी घालायचं तर पहिलं पान वाढायच्या आधी घालायचं. नाहीतर घालायचंच नाही.

पुढं मी स्वतःची कामं घेऊ लागलो तेव्हा सुपारी घेताना घरमालकाला दोनच गोष्टी विचारायचो. माणसं किती, आणि गंज एक की दोन? गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. एकाच पदार्थाचे दोन गंज म्हणजे खास पाहुण्यांचा वेगळा आणि गावाचा वेगळा. दोन म्हटलं की मी चहा पिऊन उठायचो.

लोणारजवळच्या एका घरी मात्र उठलो नाही. मुलीचं लग्न होतं आणि मोठा जावई भारी रुसणारा होता. सासरा म्हणाला, "जावयापुरता शिरा साजूक तुपातला करा जी, बाकी गावाले वनस्पती चालते." मी म्हटलं, सर्वांना साजूक करा, नाहीतर सर्वांना वनस्पती. सासऱ्यानं छताकडं पाहिलं, मनात खर्च मांडला आणि सर्वांना वनस्पतीच ठरवलं. "पर जावयाले सांगू नका," एवढं म्हणाला. पंगतीत जावई तीनदा शिरा घेऊन बोटं चाटत शेजाऱ्याला सांगत होता, "पाह्य, सासऱ्यानं माह्यासाठी खास तुपातला केला." मी तळापासून ढवळत पुढं गेलो. तो जावई आजही भेटला की त्या शिऱ्याची आठवण काढतो. मीही हो म्हणतो.

ही झाली गमतीची गोष्ट. आता ज्या पंगतीसाठी मी लिहायला बसलो ती सांगतो.

मी पाचसहा वर्षांचा असताना आमच्या गावात शाळेची पक्की इमारत झाली. माझ्या वडिलांनी, बाबांनी, तिच्यासाठी दगड वाहिले होते. इमारत झाल्यावर गावजेवण झालं. पंगत सगळ्या गावाची एकच, असं दवंडीत सांगितलं होतं. बाबा मला घेऊन गेले. आम्हाला मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या पलीकडं, घरून आणलेली ताटं पुढं ठेवून बसवलं. सगळे जेवून उठल्यावर आमच्याकडं वाढपी आले. बुंदी वाढायला संपत पाटील होते. तेव्हा तरणेबांड. गोड वाढायचा मान त्यांच्या घराकडं होता. ते वाकले नाहीत. उभ्याउभ्या वरून बुंदी टाकत गेले. अर्धी ताटात पडली, अर्धी धुळीत. मी धुळीतली वेचायला लागलो तशी बाबांनी माझ्या हातावर चापट मारली. मला घेऊन ते उठले. त्यानंतर गावाच्या कुठल्याही पंगतीला ते बसले नाहीत. लग्न असो, तेरवी असो, आहेर देऊन घरी यायचे आणि भाकर खायचे.

मी आचारी झालो, नाव झालं, पण बाबांनी माझ्या हातची पंगत कधी जेवली नाही. परगावचीसुद्धा नाही. त्यांचं त्यावर भाष्य नव्हतं, माझं विचारणं नव्हतं. मनात मात्र ते कायम सलत होतं. माझ्या वरणाची तारीफ सारा तालुका करायचा आणि घरचा एक माणूस बाकी होता.

मग काही वर्षांपूर्वी गावानं गावतलावातला गाळ काढला. सगळ्या वस्त्यांतली माणसं फावडी घेऊन उतरली होती. त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला तलाव काठोकाठ भरला आणि गावजेवण करायचं ठरलं. सरपंच प्रवीण, तरुण पोरगा, तो घरी आला. "भाऊ, यंदा तुमच्याच हातचं पाह्यजे." मी तालुकाभर रांधलं होतं, पण माझ्या गावानं मला पहिल्यांदा बोलावलं होतं.

मी माझा प्रश्न विचारला. तो हसला. "आता कोठी दोन गंज राह्यले भाऊ?" मी म्हटलं, तेवढ्यानं भागत नाही. जो येईल तो येईल तसा ओळीत बसेल. वस्तीवार, भावकीवार ओळी नाहीत. त्यानं मान्य केलं.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते ओट्यावर बसून काठीचं टोक घासत होते.

"पंगत एक हाये बाबा. मी बोलून घेतलं. तुमी या जेवाले."

"तवाही एकच म्हने होती," बाबा म्हणाले. "तू रांध. तो तुहा धंदा हाये. मी घरीच खातो."

मी सामानाची यादी करायला बसलो.

जेवणाच्या दिवशी सकाळीच भट्टीजवळ संपत पाटील आले. आता पाठीतून वाकलेले, हात जरा थरथरणारे. म्हणाले, "बुंदी मी वाढीन. घराचा मान हाये." तरुण पोरांनी माझ्याकडं पाहिलं. नको म्हणायचा मला अधिकार होता, आणि नको म्हणावंसं फार वाटत होतं. पण तोंड पाहून नको म्हटलं असतं तर वस्तादांनी वरून माझी मान धरली असती.

"वाढा पाटील," मी म्हटलं. "पर माह्या पंगतीत वाकून वाढा लागते. एका पानाले एक वाटी. गुडघ्याले जमन का?"

त्यांना जुनं आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही. "जमवतो," म्हणाले आणि वाटी उचलली.

माणसं यायला लागली, ती थांबेचनात. आमचं गाव तर आलंच, पण ज्यांनी गाळ वाहायला ट्रॅक्टर दिले होते त्या शेजारच्या गावांनाही कोणीतरी आवतण देऊन ठेवलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. शाळेचं मैदान भरून गेलं. भाजी, पोळ्या, बुंदी कशीबशी पुरली असती. वरण पुरणार नव्हतं. मी मदतनिसांना मोठ्या हंड्यात पाणी उकळायला ठेवायला सांगितलं. गार पाणी घातलं की वरण फुटतं.

प्रवीण धावत आला. "भाऊ, हे काय करून राह्यले? पयल्या पंगतीत तालुक्याची मानसं हायेत. त्याइले तं घट्ट जाऊ द्या. मंग टाका पानी."

"पानी टाकाचं तं आत्ता टाकाचं."

"शेवटच्या पंगतीत कोन हाये? सारी आपलीच लोकं. कोनी काई म्हननार नाई."

"म्हनूनच," मी म्हटलं.

"तुमचंच नाव खराब होईन भाऊ. गावात पयल्यांदा रांधून राह्यले तुमी."

हे त्याचं खरं होतं. तो वाईट पोरगा नव्हता. गावाची इज्जत सांभाळत होता आणि माझीही. तालुक्याची माणसं माझ्या वरणाचं नाव ऐकूनच बसली होती. ओगराळं उभं राहतं ते वरण खायला. माझा हात हंड्याच्या कडेवर थांबला, हे मी लपवत नाही. मोठ्यानं वाद चालू होता, लोक माना वळवून पाहत होते. मग मी हंडा तिरपा केला आणि सगळं उकळतं पाणी गंजात ओतलं. वरून लसूण-जिऱ्याची दुसरी फोडणी दिली, मीठ घातलं, तळापासून ढवळलं. ओगराळं उभं केलं. ते हळूच आडवं झालं. प्रवीण डोक्याला हात लावून निघून गेला.

पहिली पंगत बसली. तालुक्याची माणसं, ट्रॅक्टरवाले, आमच्या वस्तीतल्या बाया, शाळेचे गुरुजी, सगळे मिसळून. ओळी कडुनिंबाच्या खालून पार पलीकडं गेल्या होत्या, आणि गंमत म्हणजे सावली तिथंच असल्यामुळं त्या जागेसाठी ढकलाढकली चालली होती. पानांवर भाजी पडली, पोळ्या पडल्या. वरणाची बकेट मी स्वतः घेतली होती. मान खाली घालून मी पानं पाहत पुढं सरकत होतो. एका पत्रावळीशी काठी आडवी ठेवलेली दिसली. ती काठी मी ओळखतो.

मी तोंड पाहिलं. नेम मोडला त्या वेळी, पण कोणाचाही मोडला असता.

बाबा मधल्या ओळीत, किराणा दुकानदाराच्या शेजारी, मांडी घालून बसले होते. मागून कळलं की आमच्या वस्तीतल्या कोणीतरी पळत जाऊन त्यांना सांगितलं होतं, "तुह्या पोरानं सरपंचाचं ऐकलं नाई, पयल्या पंगतीच्याच वरनात पानी वतलं." ते ऐकून बाबा उठले, पागोटं गुंडाळलं आणि चालत आले. मी एक ओगराळं वरण वाढलं आणि पुढं गेलो. त्या ओळीत मागून बुंदी येत होती.

ओळीच्या टोकाला जाऊन मी वळून पाहिलं. संपत पाटील प्रत्येक पानापुढं वाकत होते, उठताना कमरेवर हात देत होते. दुकानदाराच्या पानावर त्यांनी वाटी रिकामी केली आणि बाबांपुढं आले. दोघांची नजरानजर झाली. वस्तीतली म्हातारी माणसं हातातला घास तसाच धरून बसली.

पाटील वाकले. नुसते वाकले नाहीत, एक गुडघा जमिनीला टेकवला. एक वाटी बुंदी बाबांच्या पानावर ठेवली, टाकली नाही, ठेवली. मग टोपल्यातून दुसरी वाटी भरली. काठोकाठ भरली. त्यांचा हात पानावर आला तसा बाबांनी आपला पंजा पानावर आडवा धरला.

"बाजूवाल्याले किती देल्ली?" बाबांनी विचारलं.

"एक," पाटील म्हणाले.

"मंग मलेबी एकच."

ती भरलेली वाटी तशीच अधांतरी राहिली. मग पाटलांनी मान हलवली, बाबांच्या पुढच्या माणसाकडं सरकले आणि ती वाटी त्याच्या पानावर रिती केली. बाबांनी पानाकडं पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. सगळं जेवले. पानावर बुंदीचा दाणा राहिला नाही.

नातीच्या मोबाइलमध्ये त्या शब्दाचा जो अर्थ आहे तो बरोबर आहे. त्यात एवढंच घालायला हवं, की कमी वाढणं हा जसा पंक्तिप्रपंच, तसं जास्त वाढणंही. हे मला वस्तादांनी शिकवलं होतं, पण कळलं त्या दिवशी, बाबांचा पंजा पाहून. शाळेच्या त्या जेवणापासून बाबा जे मागत होते ते त्यांनी मोजून घेतलं आणि वरचं परत केलं. असा माणूस माझा बाप होता. पुढं ते होते तोवर गावाच्या एकाही पंगतीला चुकले नाहीत.

हात धुवायला ते शाळेच्या टाकीपाशी आले. मी पंगत सोडून गेलो आणि तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. माझे डोळे वाहत होते, मी ते लपवले नाहीत. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, काठी हातात घेतली. मी धीर करून विचारलं, "कसं झालतं बाबा?"

"वरन पातळ होतं," बाबा म्हणाले. दोन पावलं चालून थांबले, मागं वळले.

"पर सर्वाइचंच पातळ होतं."